नऊ चालू वाचक

५ जून

ती. आक्का,

तुला नमस्कार. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, तेव्हा आपलं हे पत्रांचंच बरं.

ग्रंथालयाच्या आपल्या शाखेत मोठा बदल झालाय. तीस वर्षं तू ज्या टेबलामागे बसलीस आणि मला गावाहून आणून शेजारच्या स्टुलावर बसवलंस, त्या टेबलावरचे कार्डांचे खण परवा उचलून नेले. त्या जागी संगणक आला. आता अकराही शाखांची पुस्तकं एकाच यादीत दिसतात. वाचकाने आपलं खातं उघडायचं, त्यावरून पुस्तक मागवायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी ते आणून देते. कार्ड बंद, नोंदवही बंद.

मोठ्या कचेरीत आम्हा तिघांना दोन दिवस शिकवलं. शिकवणारी मुलगी माझ्या थोरलीपेक्षा लहान. दर वाक्याला विचारायची, "काका, इथपर्यंत क्लिअर?" मी आपली मान हलवायचो. आपल्या बांधणीबाई माझ्या शेजारी होत्या. आयुष्यभर फाटकी पुस्तकं शिवली त्या बाईने, पण माझ्या आधी शिकली. शिपाईमामांनी पासवर्ड टाकला तो मोठमोठ्याने म्हणत. मुलगी म्हणाली, "मामा, पासवर्ड कुणाला कळू द्यायचा नसतो." मामा म्हणाले, "ते ठीक, पण मला तरी कळायला नको का?" सगळा वर्ग हसला.

हसण्यासारखं तेवढंच. शेवटी कचेरीच्या मोठ्या बाईंनी सांगितलं की डिसेंबरअखेर प्रत्येक शाखेचा अहवाल यंत्रच काढेल. शंभर तरी चालू वाचक दिसले नाहीत, तर शाखा बंद करून पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयात हलवणार.

आपल्याकडे नेमाने येणारे सव्वाशेच्या वर आहेत, तुला माहीतच आहे. पण खातं उघडायचं म्हणजे वाचकाचा स्वतःचा फोन हवा, त्यावर आकडे येतात, ते दोन मिनिटांत टाकायचे. घड्याळं दुरुस्त करणारे काका, त्यांच्याकडे फोनच नाही. कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या मावशींचा फोन मुलाकडे. आकडे गेले त्याच्याकडे, तो कामावर, तिथून ओरडला, "आई, तू काय उद्योग चालवलेत?" त्या बिचाऱ्या पुस्तक न घेताच गेल्या. आठ दिवसांत सहा खाती उघडली. रोज दहाबारा माणसं हात हलवत परत जातात. काय करू, सांग.

तुझा,
मौनी


१४ जून

चि. मौनीबाबास,

आशीर्वाद. चार पानं रडगाणं आणि स्वतःच्या तब्येतीची एक ओळ नाही! गुडघा कसा आहे? ती मुलगी वयाने लहान म्हणून तुझी मान नुसती हलत होती, हे मला इथे बसून दिसलं. अरे, कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. शाळेतही असाच होतास. मास्तरांनी विचारलं की खाली बघायचं, आणि मावशीकडे, तुझ्या आईकडे, तक्रार गेली की माझ्या पाठीमागे लपायचं.

आता ऐक. माझ्या वेळी कुणी कार्ड विसरून आलं, कुणाचं कार्ड भिजलं, कुणाला नवऱ्याच्या चोरून वाचायचं असलं, तर मी काय करायचे? माझ्या कार्डावर पुस्तक द्यायचे. एका पावसाळ्यात माझ्या एकटीच्या कार्डावर सत्तावीस पुस्तकं बाहेर होती. एक बुडालं नाही. टेबलापाशी आलेला माणूस मोकळ्या हाताने जाता कामा नये, बाकी सगळे नियम त्यानंतरचे.

यंत्राला एक नाव हवंय ना? तुझं दे. आणि अहवालाची काळजी तू करू नकोस. तपासणीला माणसं यायची ती एवढंच बघायची, की रोज किती पुस्तकं बाहेर जातात. पुस्तकं फिरती ठेव. फिरत्या पुस्तकांची शाखा कुणी बंद केलेली मी तरी पाहिली नाही.

गुडघ्याचं लिही.

आक्का


११ जुलै

ती. आक्का,

गुडघा बरा आहे. आणि तुला पेढे द्यायला हवेत इतकं तुझं डोकं चाललं.

आम्हा कर्मचाऱ्यांच्या खात्याला पुस्तकांची मर्यादाच नाही! वाचकाला चार, आम्हाला कितीही. आता मी टेबलापुढे एक खुर्ची ठेवलीय. माणूस बसतो, काय वाचायचंय ते सांगतो, मी माझ्या खात्यावरून मागवतो. कुणी काय नेलं ते मी एका वेगळ्या वहीत लिहितो, म्हणजे गोंधळ नको.

घड्याळकाका परवा म्हणाले, "बुडालेल्या जहाजांवर काही आहे का बघा. पण त्यात प्रेमप्रकरण नको, माझ्याकडे वेळ कमी आहे." निघालं की, पार दुसऱ्या टोकाच्या शाखेत! शुक्रवारच्या गाडीने आलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तिथेच उभ्याने तीन पानं वाचली. शिवणवाल्या मावशी पुन्हा यायला लागल्या. रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टरबाई आठवतात ना, जाड भिंगांच्या? त्या आता आठवड्याला दोन नेतात. गेल्या तीन आठवड्यांत दीडशे पुस्तकं फिरली, आक्का. कार्डांच्या काळातही एवढी फिरत नव्हती.

बांधणीबाई मात्र कुरकुरतात. म्हणाल्या, "साहेब, सगळं तुमच्याच नावावर चाललंय." मी म्हटलं, "नाव माझं असलं तरी वाचणारे तेच ना?" त्या डिंकाचं भांडं घेऊन आत गेल्या.

सकाळी कुलूप काढण्याआधी मी दारासमोर हात जोडतो. इतकी वर्षं सवयीने जोडायचो. हल्ली हात जोडल्यावर क्षणभर खरंच कुणीतरी समोर आहे असं वाटतं. माझ्यासारख्याच्या हातून एवढं होतंय, याचं मलाच नवल आहे.

मौनी


२० जुलै

चि. मौनीबाबास,

बघ! पेढ्यांचं राहू दे, मला साखर बंद सांगितलीय डॉक्टरने. तू बोलायला लागलास हेच पुष्कळ. खुर्चीची युक्ती मला सुचली नव्हती हो, मी सगळ्यांना उभंच ठेवलं.

बांधणीबाईंकडे लक्ष देऊ नकोस. चांगल्या आहेत, पण उन्हाळ्यातही पावसाच्या भीतीने छत्री घेऊन येणारी बाई ती.

आक्का


३ ऑक्टोबर

ती. आक्का,

आज गंमत झाली. सकाळी संगणक उघडला तर पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडायला लागले आणि मजकूर आला: "अभिनंदन! या तिमाहीत सर्व शाखांमध्ये सर्वाधिक पुस्तकं आपण मागवलीत." वर माझं नाव. मामांनी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं. घड्याळकाका म्हणाले, "तीन महिन्यांत साडेपाचशे पुस्तकं? साहेब, डोळे सांभाळा. आणि वहिनींना वेळ कधी देता?" हसून हसून पुरेवाट. मामांनी चहा मागवला.

बांधणीबाईंनी चहा घेतला नाही. दुपारी माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "शिकवताना ते अहवालाचं पान दाखवलं होतं, ते एकदा उघडून बघा." मी म्हटलं, तो अधिकाऱ्यांचा कारभार, आपण आपलं काम करावं. मला वाटतं त्यांना थोडं लागलं असावं. सगळं कौतुक माझ्या एकट्याच्या वाट्याला आलं, आणि यंत्र माझ्याआधी त्या शिकल्या होत्या. पुढच्या वेळी त्यांचं नाव आधी घेईन.

मौनी


१२ ऑक्टोबर

चि. मौनीबाबास,

तुझं पत्र मी सुनेला वाचून दाखवलं, मग शेजारणीला, मग दूध आणणाऱ्यालाही. अकरा शाखांत माझा भाऊ पहिला! मावशी आज असती तर म्हणाली असती, मुलगा मुका नव्हता, नुसता वाट बघत होता.

आता डिसेंबर येऊ दे नाहीतर काहीही येऊ दे.

आक्का


१८ जानेवारी

चि. मौनीस,

तीन महिने झाले. दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. मुलाला तुझ्या घरी फोन करायला लावला तर वहिनी म्हणाली, "ठीक आहेत, कामात आहेत." कामात असलेला माणूस दोन ओळी लिहितो. न लिहिणारा माणूस कशात असतो ते मला माहीत आहे.

अहवालाचं काय झालं?

आक्का


२७ जानेवारी

ती. आक्का,

क्षमा कर. काळजीचं काही नाही. अहवाल बरा आला. फक्त शाखेच्या इमारतीचं छत कमकुवत झालंय असं कचेरीचं म्हणणं पडलं, त्यामुळे फेब्रुवारीअखेर शाखा मध्यवर्तीत विलीन होणार आहे. माझी बदली तिथेच. पगार, हुद्दा सगळं तेच. वाचकही हळूहळू तिकडे येतील. छताच्या पुढे कुणाचं काय चालणार?

तू तब्येत सांभाळ. थंडीत बाहेर पडू नकोस.

मौनी


१९ फेब्रुवारी

मौनी,

ते छत मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत नव्याने घातलं. तीन महिने धूळ खाल्लीय मी त्याची. तेव्हा तू रजेवर होतास, गुडघ्यासाठी, म्हणून विसरलास. खोटं बोलायचं तर निदान माझ्या माहितीतलं तरी बोलू नये.

मी बांधणीबाईंना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर काल आलं, पुस्तकाला मागे चिकटवायच्या तारखांच्या कागदावर, आठ ओळींचं. जपून लिहिलंय त्यांनी, तुझ्याबद्दल एक वावगा शब्द नाही. कर्मचाऱ्याच्या खात्यावरून मागवलेलं पुस्तक यंत्र वाचकाचं धरत नाही, कचेरीचा अंतर्गत वापर धरतं. शाखेत चालू वाचक नऊ निघाले. नऊ!

त्याच दिवशी मी कचेरीच्या बाईंना सविस्तर पत्र लिहिलं. सल्ला माझा होता, भाऊ सांगेल ते ऐकणारा आहे, शाखेला सहा महिने द्या, असं. सही केली, जुना कर्मचारी क्रमांक घातला, मुलाने पडद्यावरून पाठवलं. दुसऱ्या मिनिटाला त्याच्या फोनवर उत्तर आलं, "आपली सूचना नोंदवली आहे." मी त्याला म्हटलं, एवढ्या लवकर वाचलं कुणी? तो म्हणाला, आई, ते वाचत नसतात, ते आपोआप येतं. त्यानंतर काही नाही.

माझं वय एकाहत्तर. मला गोड बोलून फसवायची गरज नाही. एकच विचारते आणि सरळ उत्तर दे. माझ्यामुळे गेली का शाखा?

आक्का


९ मार्च

ती. आक्का,

हो. तू सांगितलंस तसं मी केलं आणि शाखा गेली. आधी खोटं लिहिलं, आता तुझ्याशी आणखी एक बोलवत नाही.

पण पत्र इथेच मिटवू नकोस, पुढचं वाच. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, बांधणीबाईंनाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या बाई स्वतः आल्या. वाईट नाहीत त्या. खुर्चीवर बसल्या, माझी वही मागितली, पानन् पान उलटलं. एकशे एकतीस नावं होती त्यात, कुणी कधी काय नेलं, कधी आणलं. म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे तुमचं." मग वही मिटून म्हणाल्या, "पण ही माणसं यंत्रात मागच्या तारखेने घालता येत नाहीत. वर जो कागद जातो त्यावर तुमच्या शाखेत वाचकच नाहीत." मी विनवणी केली तेव्हा पंधरा दिवस दिले. पंधरा दिवसांत शंभर खाती.

आम्ही तिघांनी जिवाचं रान केलं. मामा घरोघर फिरले. बांधणीबाई आपला फोन घेऊन दारात बसल्या, पण एका फोनवर एकच खातं उघडतं. शिवणवाल्या मावशींनी मुलाला सुट्टी घ्यायला लावली. घड्याळकाका पुतण्याचा फोन मागून घेऊन आले, तेव्हा कळलं की त्या नंबरावर पुतण्याचंच खातं आधीपासून आहे, दुसऱ्या शाखेत. ते म्हणाले, "म्हणजे मी वाचत नाही असं झालं का?" पंधराव्या दिवशी आकडा चौतीस होता.

सहा महिने माझ्याकडे होते, आक्का. पंधरा दिवसांत पंचवीस माणसं वाढली, तर सहा महिन्यांत किती झाली असती? हिशोब करायला मास्तर लागत नाही.

आता ते सांगतो. जुलैमध्येच, खुर्ची ठेवली त्याच आठवड्यात, सिस्टरबाई नवा फोन घेऊन आल्या होत्या. खास यासाठी घेतला होता. म्हणाल्या, "मला शिकवा. चाळीस वर्षं मी यंत्रांवर माणसं जगवली, हेही जमेल मला. माझ्या ओळखीच्या दहाबारा जणींना मग मी शिकवीन." मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता, मी आहे ना." त्या पुन्हा दोनदा म्हणाल्या. दोन्ही वेळा मी हेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी फोन पिशवीत ठेवला तो परत काढला नाही.

शिकवायला मला वेळ नव्हता असं नाही. मला ते नको होतं. जन्मभर मी टेबलाच्या एका कडेला बसलो, आधी तुझ्या आणि मग कार्डांच्या मागे. सगळे येऊन माझ्यासमोर बसायला लागले, मला विचारायला लागले, तेव्हा मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांना माझी गरज उरू नये ही गोष्ट मनात आली तरी मी ती बाजूला सारायचो. सकाळी हात जोडून मी ज्याला देवाची कृपा म्हणत होतो, ती यातली किती होती आणि माझी हौस किती, हे आता मला वेगळं काढता येत नाही. देवासमोर बसतो, पण काय मागावं ते सुचत नाही. बसून उठतो.

तेव्हा सल्ला तुझा होता, हे खरं. तू तुझ्या कार्डावर पुस्तकं दिलीस ती अडलेल्यांना. सिस्टरबाई अडलेल्या नव्हत्या. त्यांना मी अडवलं.

अठ्ठावीस तारखेला शाखा बंद झाली. पुस्तकं चार फेऱ्यांत गेली. बांधणीबाईंना मध्यवर्तीत जागा नाही, तिथे फाटलेलं पुस्तक शिवत नाहीत, रद्दीत काढतात. मामांना पाण्याच्या टाकीवर पहारेकरी नेमलंय. मला मदतकक्षात बसवलंय. कानाला यंत्र लावून, कुणाचं खातं उघडत नसेल तर ते कसं उघडायचं ते सांगायचं. मला ते आता छान जमतं. आठ दिवसांत आपल्या भागातून एकही फोन आला नाही. मध्यवर्ती तिथून दोन बस दूर आहे, आणि फोन करायला आधी खातं लागतं.

गेल्या शनिवारी सुट्टी होती. सिस्टरबाईंनी बंद होण्याआधी मागितलेलं एक पुस्तक माझ्या नावावर येऊन पडलं होतं. ते घेऊन दोन बस बदलून त्यांच्याकडे गेलो. तिसरा मजला, जिन्यात दिवा नाही. दार उघडलं त्यांनी, पण आत या म्हणाल्या नाहीत. पुस्तक हातात घेतलं, मागचा मजकूर भिंगाजवळ धरून वाचला. मग विचारलं, "परत न्यायला कोण येणार?"

मी म्हटलं, "मीच येईन. दर शनिवारी येत जाईन, हवं ते सांगा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. रुग्णाकडे बघतात तशा. म्हणाल्या, "अजूनही तुम्हीच?" आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.

मी म्हटलं, "मग आता तरी शिकवतो. फोन आणा, इथेच दारात बसून शिकवतो."

"तो भाचीला देऊन टाकला," त्या म्हणाल्या. "आणि हल्ली डावा डोळा गेलाय, फोनवरचं बारीक दिसत नाही. जुलैमध्ये दिसत होतं."

दार त्यांनी हळूच लावलं. मी दोन जिने उतरून थांबलो, वाटलं वरून हाक येईल. आली नाही.

तू स्वतःला फार लावून घेऊ नकोस असं लिहिणार होतो, पण लिहून तू थोडीच ऐकणार आहेस. तेवढा दोष आपण दोघं वाटून घेऊ.

उत्तर लिहिशील तर घरच्या पत्त्यावर लिही. शाखेच्या दाराची पत्रपेटी काढून नेलीय, असं पोस्टमन सांगत होता. तुझी ती उत्तर न दिलेली दोन पत्रं आली तेव्हा मी शाखेतच होतो. वाचलीही होती.

तुझा,
मौनी